सगळ्याईचं वावर

बाबा, पुढच्या महिन्यात मी कॉलेजातून निवृत्त होते आहे. कारंज्याच्या त्याच कॉलेजातून, जिथं तुम्ही एकदाच आला होता. परवा मी बहुधा शेवटचा धडा शिकवला, आणि योगायोगानं तो नेमका तोच निघाला: भांडवलशाही, समाजवाद, साम्यवाद. दरवर्षी मी फळ्यावर तीन रकाने आखते. मालकी कोणाची, काय पिकवायचं ते कोण ठरवतं, पिकलेलं कोणाच्या वाट्याला येतं, असे प्रश्न डाव्या बाजूला लिहिते आणि मुलं उत्तरं उतरवून घेतात. पहिल्या रकान्यात मालकी खाजगी, दुसऱ्यात मोठ्या उद्योगांची मालकी सरकारकडे, तिसऱ्यात सगळ्यांची. मुलांना हा धडा आवडतो, कारण परीक्षेत हमखास येतो. मलाही तो सोपा जातो. यंदा मात्र तिसरा रकाना भरताना खडू थोडा थांबला. का थांबला ते सांगायला दुसरं कोणी नाही, म्हणून तुम्हाला लिहायला बसले आहे.

आपल्या वस्तीला ती जमीन मिळाली तेव्हा मी इतकी लहान होते की मला जमीन आठवत नाही, दगड आठवतात. धनजच्या बाजूची सरकारी पडीत जमीन, जिच्यात गावाची जनावरंसुद्धा नाइलाजानं चरायची. सरकारनं ती भूमिहीनांना द्यायचं ठरवलं तेव्हा अट अशी होती की घराघराला तुकडे मिळणार नाहीत; संस्था करा आणि मिळून कसा. वस्तीतली वीसेक घरं तयार झाली, ती जमीन हवी म्हणून. अट चालवून घेतली. ती अट मनापासून हवी होती असे तुम्ही एकटेच होता.

मिळून करायचं हे तुम्ही कारंज्याच्या जिनातून, कापसाच्या कारखान्यातून, शिकून आला होता. हंगामात तुम्ही तिथं कामाला जायचात, सरकी आणि रुई वेगळी करणाऱ्या यंत्रावर. तिथल्या युनियनमधून तुम्ही लाल झेंडा घरी आणला, तेव्हा वस्तीतल्या म्हाताऱ्यांनी तुम्हाला विहारासमोर बोलावून विचारलं होतं, "आपला झेंडा निळा हाये. तू हा लाल कायले आनला?" तुम्ही म्हणाला, "निळ्यानं मान देल्ला. लालनं भाकर भेटन. माह्या घरात दोन खुंट्या हायेत." आणि खरंच आपल्या घरात दोन खुंट्या होत्या. म्हातारे फारसे पटलेले नव्हते, पण संस्थेचे कागद करायला तालुक्याला चकरा मारणारा दुसरा कोणी नव्हता, म्हणून तुम्ही अध्यक्ष झालात.

स्वयंपाकघरात तुम्ही आईला हे सगळं समजावून सांगता आहात, असं एक दृश्य माझ्याजवळ आहे. ती चुलीपुढं भाकरी थापते आहे, तुम्ही पाटावर बसला आहात, अंगावर अजून जिनातली रुई चिकटलेली आहे. "हे पाय," तुम्ही म्हणता, "जिनात काय होते? यंत्र मालकाचं, कापूस मालकाचा, फक्त खोकला आपला." आई म्हणते, "मंग?" "मंग आधी सरकार मालक होईन. कारखान्याचं, जमिनीचं. पगार बरा भेटन. अन् लोकं तयार झाले का मंग सरकारचीबी गरज राहनार नाई." आई भाकर उलटते. "म्हंजे सरकार आपल्या पायानं निंगून जाईन?" तुम्ही अंगावरची रुई वेचत म्हणता, "तसं पुस्तकात हाये." मी पुढं एम.ए.ला हे सगळं जाडजूड पुस्तकांतून वाचलं, तेव्हा आईचा प्रश्न तिथंही बऱ्याच पानांवर वेगवेगळ्या शब्दांत विचारलेला सापडला. उत्तरही साधारण तुमच्यासारखंच होतं.

खालच्या आळीतले काका आठवतात ना. आठवतात ना, असं तुम्हाला विचारणं बरोबर नाही. ते तुमचे जिनातले जोडीदार, एकाच यंत्रावर दोघं समोरासमोर उभे राहायचात. एका हंगामात त्यांना खोकला लागला. मग धाप लागायला लागली. रुईची बारीक धूळ छातीत बसली होती, हे आता मला कळतं. तेव्हा लोक म्हणायचे थंडी लागली. जिनाचा मालक वाईट माणूस नव्हता, हे तुम्हीही कबूल करायचात. त्यानं काकांना बोलावून एक चांगलं घोंगडं दिलं, आराम करा म्हणाला, आणि पुढच्या हंगामात त्यांची जागा दुसऱ्या माणसाला दिली. तुम्ही युनियनतर्फे जाऊन भांडलात. मालक म्हणाला, मी याले काढलं कुठी, हंगाम संपला. आणि तेही खरंच होतं. पुढं सरकारच सगळा कापूस विकत घ्यायला लागलं आणि तुम्हाला खरेदी केंद्रावर काट्यापाशी काम मिळालं, रविवारची सुट्टी मिळाली. बाहेर कापसाच्या बैलगाड्या दिवसेंदिवस रांगेत उभ्या असायच्या, माणसं गाड्यांखाली झोपायची, तरी तुम्ही म्हणायचात, सरकार हाये, आज ना उद्या सुधरन. तिथं काकांना लावून घ्यावं म्हणून तुम्ही साहेबांकडं गेलात. साहेबांनी आधी डॉक्टरचा दाखला आणायला सांगितला, माणूस कामाला धडधाकट आहे असा. तो दाखला काकांना कोण देणार होतं? साहेबही वाईट नव्हता. त्याच्यापुढं नियम होता.

राहिली जमीन. दोन उन्हाळे दगड वेचून ती कसण्याजोगी झाली आणि तिला वस्तीत नाव पडलं, सगळ्याईचं वावर. तिथं काकांना कोणी दाखला मागितला नाही. ते पाखरं राखायचे, खळ्यावर बसून राहायचे, बैलांना पाणी दाखवायचे, आणि पीक आलं की त्यांच्या घराला इतरांएवढाच हिस्सा मिळायचा. हे तुम्ही पहिल्याच बैठकीत ठरवून घेतलं होतं. "अंगात असंल तेवढं काम, अन् भूक असंल तेवढी भाकर," हे तुमचं तेव्हाचं वाक्य. सुगीत वावरातच सामाईक चूल पेटायची. मोठ्या गंजात वरण, टोपलीभर भाकरी, आंबाडीची भाजी, आणि सगळी माणसं ओळीनं बसलेली. मला ते जेवण अजून आवडतं, म्हणजे त्याची आठवण. पण त्या ओळीत बसलेले पुरुष असायचे. बायका दिवसभर निंदण करून वर स्वयंपाक करायच्या, आणि संस्थेच्या सभासदांत एकही बाई नव्हती. एकदा आई रिकाम्या गंजात हात घालून राखेनं घासताना सगळ्यांना ऐकू जाईल अशी म्हणाली, "सगळ्याईचं सगळं, अन् भांडे तेवढे माहे." माणसं हसली. तुम्हीही हसलात. पुढच्या बैठकीत तुम्ही बायकांना सभासद करायचा विषय काढला होता, हेही मला माहीत आहे, आणि तो विषय कोणी पुढं जाऊ दिला नाही हेही.

पहिली काही वर्षं बरी गेली. मग कुरबुर सुरू झाली. कोण उशिरा येतो, कोणाच्या घरची तीन माणसं राबतात आणि कोणाचं एकच. त्या सगळ्या बोलण्याची गाडी फिरून फिरून काकांवर यायची, कारण ते सोपं होतं. ते समोर बसलेले दिसायचे. "आमी वखर धराचा अन् यानं पाखरं हाकलाचे, अन् ज्वारी सारखी," असं लोक म्हणायचे. तुम्ही दरवेळी उठून उभे राहायचात आणि काकांच्या वतीनं बोलायचात. तुम्ही चांगलं बोलायचात. युनियनमध्ये शिकलेलं, मुद्देसूद. काका तेव्हा मान खाली घालून बसलेले असायचे.

आणि मग ती बैठक. विहाराच्या ओट्यावर, भर दुपारी, चैत्रातली. विषय एकच, जमीन वाटून घ्यायची का. सरकारनंही तोवर आपली अट सैल केली होती. सगळ्यांना वाटलं होतं की तुम्ही विरोधात बोलाल, आणि बहुतेक लोक तुमच्या बोलण्याला दबून गप्प बसतील, पुन्हा एक वर्ष निघेल. मी आईच्या मागं उभी होते. तुम्ही उठलात आणि भाषण केलं नाही. "वाटून घेऊ," एवढंच म्हणालात आणि सगळ्यांच्या आधी तुमचा हात वर गेला. त्यानंतर बाकीचे हात वर व्हायला वेळ लागला. लोकांना खात्री नव्हती की त्यांनी बरोबर ऐकलं.

त्या एका हाताची किंमत तुम्ही पुढं बरीच वर्षं दिलीत. कारंज्याचे तुमचे सोबती आपल्याकडं यायचे बंद झाले. त्यांच्यापैकी एकानं बसस्टँडवर तुम्हाला पाहून तोंड फिरवलं, तेव्हा मी तुमच्यासोबत होते. वाटणीच्या चिठ्ठ्या टाकल्या त्यात आपल्याला विहिरीलगतचा तुकडा निघाला, आणि गावाला कारण सापडलं: अध्यक्षानं आधीच ठरवून ठेवलं असंल. आईनं विचारलं, "काहून केलं असं?" तुम्ही म्हणाला, "झालं ते झालं." लाल झेंडा तुम्ही खुंटीवरून काढला नाही. कोणी विचारलं तर मात्र त्याबद्दल बोलायचा नाहीत.

सारखे तुकडे घेऊन निघालेली घरं दहा-बारा वर्षांत सारखी राहिली नाहीत, हे तुम्ही पाहिलंत. एकाकडं ट्रॅक्टर आला, दुसरा त्याच्याच वावरात रोजानं जायला लागला. आपण मधे कुठंतरी. आईनं मात्र आपल्या तुकड्यात काय लावायचं ते पहिल्यांदा स्वतः ठरवलं, भुईमूग लावला, आणि तो विकायला ती स्वतः कारंज्याला गेली. हे मी कोणत्या रकान्यात लिहावं, ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

मग तो दूरचा देशच मोडला, ज्याची गुळगुळीत कागदाची मासिकं तुम्ही माझ्या वह्यांना कव्हर घालायला आणायचात. माझ्या भूगोलाच्या वहीवर ट्रॅक्टर चालवणारी एक गोरी बाई होती आणि वर्गातल्या मुली विचारायच्या, ही कोण. मी सांगायची, बाबांच्या ओळखीची. देश मोडल्याची बातमी आली तेव्हा चहाच्या टपरीवर कोणीतरी तुम्हाला डिवचलं, "काय गा, तुह्या रशियाचं काय झालं?" तुम्ही चहा संपवला आणि म्हणाला, "माही शेती मोडली तवा मी मेलो नाई. आता कायले मरू?" हे मला दुसऱ्यांनी सांगितलं. तुम्ही घरी येऊन नेहमीसारखं जेवलात.

कॉलेजात तुम्ही आलात तो दिवस त्यानंतरचा. मला नोकरी लागून फार दिवस झाले नव्हते. तुम्ही बाजाराला आला होता आणि सहज वर्गाच्या दाराशी येऊन उभे राहिलात. मी पाहिलं नाही. मी फळ्याकडं तोंड करून तिसऱ्या रकान्याखाली लिहीत होते, "अपयशाची कारणे: वैयक्तिक प्रेरणेचा अभाव." नंतर एसटीची वाट बघत आपण स्टँडवर बसलो तेव्हा तुम्ही म्हणाला, "आमी आळशी होतो काय?" मला आधी समजलंच नाही. "तू लिवलं ना तिथं. प्रेरणा नोती म्हनून." मी म्हटलं, "बाबा, पुस्तकात तसंच आहे." तुम्ही रागावला नव्हता; रागावला असता तर मला सोपं गेलं असतं. तुम्ही म्हणाला, "पुस्तकवाल्यानं आपलं वावर नोतं पायलं. तू पायलं होतं." मग गाडी आली. त्या वाक्यानंतर तुम्ही आणखी काही सांगणार होता का, हे मी कित्येकदा मनात चाचपून पाहिलं आहे. पुढं दोन-तीन वर्षांत तुम्ही गेलात आणि मी दरवर्षी ते कारण लिहीत राहिले, कारण पुस्तक बदललं नव्हतं.

आता यावर्षीचं सांगते. एका कंपनीला आपली ती सगळी जमीन हवी आहे, एकत्र, सूर्याच्या उजेडावर वीज तयार करायला. विकत नाही, लांब मुदतीच्या भाड्यानं. विहारातच बैठक झाली. कंपनीचा मुलगा अमरावतीकडचा होता, सगळ्या म्हाताऱ्यांना काका-मावशी म्हणत होता. पुण्याला असलेले वारस फोनवर होते. एवढी घरं एका गोष्टीवर एकमतानं हो म्हणाली, हे मी त्या वस्तीत पहिल्यांदा पाहिलं, आणि चहा यायच्या आत. मीही सही केली. आता ते काम झालं आहे. मधले सगळे धुरे, मातीचे बांध, जे वाटणीनंतर घराघरानं रक्त आटवून घातले होते, ते यंत्रानं एका आठवड्यात सपाट केले. वावर पुन्हा एक झालं, बाबा. निळसर पत्र्यांच्या रांगा आहेत आणि भोवती तारेचं कुंपण. आत कोणी काम करत नाही, मधूनमधून गवत कापणारे येतात तेवढेच.

त्या बैठकीनंतर काकांची थोरली मुलगी मला भेटली. अंगणवाडीत मदतनीस होती, आता घरीच असते. आम्ही लहानपणी तिला ताई म्हणायचो, अजूनही म्हणतो. आम्ही दोघी चालत जमिनीपर्यंत गेलो, तेव्हा धुरे अजून होते. मी सहज म्हणून गेले की आज बाबा असते तर हसले असते, त्यांनी वाटणीला हात वर केला आणि आता कंपनी ती परत एक करणार. ताई थांबली. "तुले मालूम नाई काय?" तिनं विचारलं.

"काय?"

"वाटून टाक म्हनून माह्या बापानंच सांगतलं होतं तुह्या बापाले. मी होती तिथं, पानी भरून राह्यली होती."

तिनं सांगितलं ते असं. बैठकीच्या काही दिवस आधी काका तुम्हाला वावरातल्या विहिरीवर भेटले. धाप लागत होती म्हणून थांबून थांबून बोलत होते. म्हणाले, "तू माह्यासाठी भांडतं, ते मले समजते. पन मी जेवाले बसलो का लोकं माह्या ताटात पायतात. तू बोलला का अजून पायतात. मले माहा तुकडा दे." तुम्ही म्हणाला, "तुह्यानं कसनं होनार नाई." ते म्हणाले, "नाई होनार. पडीत राहीन त राहीन. पन तिथं बसून खाल्लेली भाकर माही राहीन." तुम्ही विहिरीच्या काठावर बसलात. मग म्हणाला, "ठीक हाये. पन हे कोनाले सांगू नको. लोकं म्हनतीन, ज्याच्यासाठी सोसायटी होती त्यानंच मोडली." आणि ताईकडं वळून, "तूबी नाई सांगाचं."

"मंग नाई सांगतलं," ताई म्हणाली. "आता कोन राह्यलं म्हनून सांगतलं."

मी विचारलं, काकांना बरं वाटलं का त्यानंतर. ती म्हणाली, जमीन बटईनंच, पिकाच्या वाट्यावर दुसऱ्याला, द्यावी लागली, धान्य कमीच यायचं, संस्थेत मिळायचं त्याहून कमी. पण बाप रोज दुपारी धुऱ्यावर बाज टाकून बसायचा, आणि भाकर तिथंच मागवायचा. मरेपर्यंत. "सुखी होता का मालूम नाई," ती म्हणाली, "पन मान वर करून जेवे."

तर खडू थांबला तो यामुळं. मी तुम्हाला बरोबर ठरवायला लिहीत नाही. तुम्ही एका माणसासाठी वीस घरांचं काम मोडलंत असंही म्हणता येईल, आणि ते काम तसंही मोडायलाच आलं होतं असंही म्हणता येईल. दोन्ही मी वर्गात शांतपणे मांडू शकते. लाजेबद्दल मात्र पुस्तकात काही नाही. कोणाला किती मिळालं ते आहे; ते घेताना त्याची मान कुठं होती ते नाही. जिनाच्या मालकाचं घोंगडं, साहेबांचा दाखला आणि तुमची भाषणं या तिन्हींतून तोच एक माणूस गेला, आणि तिसऱ्या ठिकाणी तो उपाशी राहिला नाही, हे मी परवा मुलांना सांगितलं. नाव, गाव काही न सांगता. मागच्या बाकावरच्या एका मुलानं विचारलं, "मॅडम, मंग तिन्हीपैकी चांगलं कोनतं?" मी म्हटलं, भारतानं मिश्र अर्थव्यवस्था स्वीकारली. त्यानं ते उतरवून घेतलं. प्रेरणेचा अभाव ही ओळ मी यंदा लिहिली नाही, पण गाईडमध्ये आहे, मुलं तिथून लिहितीलच.

हा कागद कुठं पाठवायचा नाही, म्हणून एक लिहून टाकते. जमीन वाटली त्या दिवशी तुम्ही घरी आल्यावर जेवला नाहीत, आणि घरात कोणीतरी गेल्यासारखं वाटत होतं. मला मात्र आनंद झाला होता. मोजणीच्या खुंट्या ठोकल्या तेव्हा मी आपल्या तुकड्याच्या चारी बाजूंनी पळत गेले होते, चपला हातात घेऊन, आणि मनात म्हणत होते, हे आमचं, हे आमचं. तुम्ही विहिरीकडं तोंड करून उभे होता, म्हणून तुम्हाला दिसलं नसेल.